तळहातावरच्या गप्पा

हेलन केलर यांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मकथन १९०३ साली पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा लेखिकेचे वय २२ वर्षांचे होते आणि त्या अजून रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकत होत्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कंबिया नावाच्या लहानशा गावी २७ जून १८८० रोजी जन्मलेली ही मुलगी १९ महिन्यांची असताना तापाने फणफणली. ताप उतरला, घरच्यांना हायसे वाटले. पण त्या दुखण्याने डोळे आणि कान दोन्ही नेले होते. पुढची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. विहिरीवरचा हातपंप, मुलीच्या एका हातावर पडणारी पाण्याची धार आणि दुसऱ्या हातावर बाईंनी बोटांनी लिहिलेला ‘पाणी’ हा शब्द. ५ एप्रिल १८८७ चा तो प्रसंग जगभर सांगितला गेला. त्यावर नाटक झाले, इंग्रजी चित्रपट झाला. आपल्याकडे २००५ साली आलेला ‘ब्लॅक’ हा हिंदी चित्रपटही याच कथेवरून सुचलेला.

हे पुस्तक पुन्हा हाती घेण्याचे कारण मात्र वेगळे आहे. या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत गेले काही महिने एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत आहे. सासूबाईंना ऐकू येत नव्हतेच, आता दिसणेही कमी झाले. त्यांच्याशी बोलायचे तरी कसे? वडील दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, मध्येच संतापतात. हा वयाचा विसरभोळेपणा समजायचा का? या पत्रांना उत्तर देण्यासाठी वैद्यकाची पुस्तके तर आहेतच. परंतु कान आणि डोळे एकाच वेळी साथ सोडतात तेव्हा माणसाच्या आत काय चालते, हे स्वतः त्यातून गेलेल्या व्यक्तीच्या तोंडून ऐकण्याची संधी फार थोड्या पुस्तकांत मिळते.

पंपाच्या प्रसंगाआधीची पाने सहसा कोणी वाचून दाखवत नाही. आपल्या दृष्टीने तीच मोलाची आहेत. शिक्षिका येण्यापूर्वीची हेलन काही मातीचा गोळा नव्हती. तिने स्वतःच्या खुणा तयार केल्या होत्या. मान हलवली की नाही, ओढले की ये, ढकलले की जा. पाव हवा असेल तर पाव कापून लोणी लावण्याचा अभिनय. आइस्क्रीम हवे असेल तर यंत्राचा दांडा फिरवून अंगावर शहारा आणायचा. एकदा वडील तोंडासमोर कागद धरून बसलेले तिच्या हाताला लागले. हे काय करतात ते समजेना, म्हणून तिनेही तसाच कागद धरला, वडिलांचा चष्मासुद्धा चढवून पाहिला. कोडे काही सुटले नाही. तो कागद म्हणजे वर्तमानपत्र आणि वडील तशाच एका पत्राचे संपादक, हे तिला पुढे काही वर्षांनी कळले.

त्याच सुमारास तिच्या ध्यानात आले की इतर माणसे खुणा करीत नाहीत, ती ओठ हलवतात. दोघेजण बोलत असताना ती मध्ये उभी राहून त्यांच्या ओठांना बोटे लावी. मग स्वतःचे ओठ हलवी, हातवारे करी. काहीच घडत नसे. तेव्हा ती लाथा झाडी, किंचाळे, दमून जाईपर्यंत आकांत करी. शिक्षिका येण्याच्या आधीच्या दिवसांत असे उद्रेक रोज, कधी कधी तासातासाला होऊ लागले होते, असे ती लिहिते. घरच्यांना तो हट्टीपणा वाटे. तिला मात्र आपण कोंडले गेलो आहोत आणि दार सापडत नाही असे होत असे.

हे पान वाचताना आपल्याच घरातील एखादे संध्याकाळचे दृश्य आठवावे. पाहुणे आले आहेत, सगळे हसत आहेत, आणि खुर्चीत बसलेल्या आजींना केवळ हलत्या आकृती दिसतात. त्या एकदा विचारतात, ‘काय झालं?’ कोणीतरी म्हणते, ‘काही नाही आजी, नंतर सांगते.’ ते ‘नंतर’ सहसा येत नाही. तासाभराने भाजीत मीठ कमी असल्यावरून आजी चिडतात, आणि सर्वांना वाटते की राग मिठाचा आहे.

येथे थोडे शरीराविषयी सांगणे आवश्यक आहे. वाढत्या वयातील बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर तेवढे कानी येतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार अगदी खरी असते. गोळी सात वाजता की आठ वाजता, याचा घोटाळा त्यातूनच होतो. ओरडून बोलल्याने फारसे साधत नाही. उलट आवाज कर्कश होऊन त्रास होतो. अशा वेळी माणूस नकळत डोळ्यांची मदत घेतो. समोरच्याचे ओठ, भुवया, हात पाहून गाळलेल्या जागा भरतो. पुढे मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा किंवा वयोमानाने झिजलेला पडद्याचा मध्यभाग, यांपैकी काही उद्भवले की ती मदतही बंद होते. दुसऱ्या बाजूने पाहावे तर ज्यांची दृष्टी आधी गेली ते सर्वस्वी कानांवर विसंबून असतात. कान गेले की त्यांचा आधारच जातो. म्हणून दोन इंद्रियांचे मंदावणे म्हणजे दोन स्वतंत्र दुखण्यांची बेरीज समजू नये. एकाची उणीव दुसरे भरून काढत असते, ती सोयच नाहीशी होते.

यातील आशेची बाजू अशी की, दोहोंपैकी एक जरी थोडे सुधारले तरी दुसऱ्याला बळ मिळते. कानातील घट्ट झालेला मळ काढणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेणे, जुना चष्मा बदलणे, श्रवणयंत्राची पट्टी पुन्हा जुळवून घेणे ही कामे किरकोळ वाटतात. त्यांनी कित्येकदा बंद पडलेले बोलणे सुरू होते. अचानक, एक-दोन दिवसांत एखाद्या कानाने ऐकू येईनासे झाले किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला, तर ‘वय झाले’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. स्मृतिभ्रंशासंबंधीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत श्रवणऱ्हास आहे आणि उपचार न केलेला दृष्टिऱ्हासही आहे. ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही त्याचे चुकलेले उत्तर विसराळूपणाच्या खात्यात टाकण्याआधी कान आणि डोळे तपासलेले असावेत.

पुन्हा पुस्तकाकडे वळू. ३ मार्च १८८७ रोजी केलर कुटुंबाच्या घरी अ‍ॅनी सलिव्हन आल्या. वय अवघे २०. लहानपणी खुपऱ्यांनी त्यांची दृष्टी अधू केलेली. आई वारली, वडिलांनी जबाबदारी सोडली, मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरीच्या निराधारगृहात त्या वाढल्या, तेथेच धाकटा भाऊ त्यांच्यासमोर गेला. पुढे बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिक्षण झाले, शस्त्रक्रियांनी थोडे दिसू लागले. त्याच शाळेत लॉरा ब्रिजमन ही अंध-बधिर स्त्री राहत असे. तिच्यामुळे एका हाताच्या बोटांनी दुसऱ्याच्या तळहातात अक्षरे उमटवण्याची वर्णमाला सलिव्हनबाईंना अवगत झाली. सोबत एवढीच शिदोरी होती. शिक्षणशास्त्राची पदवी वगैरे काही नव्हते.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर हेलनशी केलेली झटापट प्रसिद्ध आहे. मुलगी सर्वांच्या ताटात हात घालून हवे ते उचलत असे आणि घरातील माणसे कीव येऊन तिला तसे करू देत. सलिव्हनबाईंनी सर्वांना बाहेर काढले, दाराला कुलूप लावले आणि चमच्याने खायला लावले. नाटककारांना हा प्रसंग फार भावतो. आपल्या वाचकांनी त्यातून काही उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ८० वर्षांची व्यक्ती ६ वर्षांचे मूल नसते, आणि तिला वळण लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. मात्र त्या घरातील कीव ओळखीची वाटते. आपल्याकडे ती जरा निराळ्या रूपात वावरते. आजींच्या हातून वाटाणे सोलण्याची परात काढून घेतली जाते, आजोबांना घडीचे कपडे कपाटात ठेवू दिले जात नाहीत. ‘तुम्ही बसा हो स्वस्थ’ हे म्हणण्यात प्रेम असते, यात शंका नाही. परंतु दिसत नाही, ऐकू येत नाही आणि हातालाही काम नाही, अशा अवस्थेत दिवस किती लांबतो याचा विचार करावा.

सलिव्हनबाईंची खरी कर्तबगारी त्यांच्या पत्रांतून दिसते. ही पत्रे मूळ पुस्तकाच्या तिसऱ्या भागात आहेत. हेलनच्या नात्यातील सव्वा वर्षाच्या एका बाळाचे निरीक्षण करीत असता त्यांना एक गोष्ट सुचली. बाळाला बोलता येत नाही, तरी घरातील बरेच बोलणे त्याला उमगते. कारण कोणी त्याला धडे देत नाही. त्याच्याभोवती आणि त्याच्याशी माणसे सतत, पूर्ण वाक्यांत बोलत असतात. मग हेलनशीच एकेक शब्द मोजून का बोलायचे? त्यांनी ठरावीक वेळेचे पाठ बंद केले आणि दिवसभर तिच्या तळहातावर बोलणे सुरू केले. कोंबडीच्या पिलाविषयी, आज कोण आले याविषयी, ओढ्याकाठी काय सापडले याविषयी. मुलीला सर्व शब्द कळावेत अशी अपेक्षा नव्हती. जे कळेल ते धरून उरलेले ती जोडीत जाईल, असा विश्वास होता. भाषा आली ती या गप्पांतून. पंपाचा प्रसंग हे दार उघडणे होते. आत नेऊन बसवण्याचे काम पुढील अनेक महिन्यांच्या साध्या, बिनमहत्त्वाच्या बोलण्याने केले.

या ठिकाणी आपल्या घरांचा उलटा प्रवास जाणवतो. ज्येष्ठांचे ऐकणे-पाहणे कमी होते, तसे त्यांच्याशी होणारे बोलणे आटत जाते. प्रथम विनोद जातो, कारण तो पुन्हा सांगण्यात मजा नसते. मग बातम्या जातात, शेजारपाजारच्या गोष्टी जातात, ‘आज बाजारात काय झालं माहीत आहे का’ हे जाते. शेवटी तीन वाक्ये उरतात: जेवायला चला, औषध घ्या, झोपा आता. व्यवस्था सगळी चोख असते. गोळ्या वेळेवर, ताट वेळेवर, अंथरूण स्वच्छ. आणि त्या माणसाला गेल्या आठ दिवसांत नातवाची परीक्षा झाली, समोरच्या घरी बारसे झाले, गावाकडे पाऊस पडला, यांतील काहीही ठाऊक नसते.

अर्थात हेलनची आणि आपल्या ज्येष्ठांची परिस्थिती सारखी नाही, हे विसरता कामा नये. तिला भाषाच नव्हती. आपल्या आजी-आजोबांपाशी ८० वर्षांची भाषा, म्हणी, नाती, हिशेब, सारे काही शाबूत आहे. ही केवढी जमेची बाजू! हेलनला जे शून्यातून उभारावे लागले ते येथे आधीच उभे आहे. फक्त आत शिरायची वाट बदलायची आहे. ते स्वतः बोलू शकतात, म्हणून अर्धे संभाषण तर पूर्वीसारखेच होते. उरलेल्या अर्ध्यासाठी तळहात आहे.

आमच्या परिचयात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पत्नीला काचबिंदू, तो उशिरा लक्षात आला. पाठोपाठ ऐकणे इतके मंदावले की श्रवणयंत्राचाही उपयोग मर्यादित राहिला. गुरुजींनी वर्गात फळ्यावर लिहीत तसे त्यांच्या तळहातावर तर्जनीने लिहायला सुरुवात केली. शिरोरेघ द्यायची नाही, एका वेळी एकच अक्षर, तेही तळहाताच्या मध्यभागी, आणि शब्द संपला की हलकेच थोपटायचे. चुकले तर तळव्यावरून हात फिरवायचा, जणू डस्टरने पुसले. पहिले काही दिवस बाईंना अक्षर लागेना, त्या वैतागून हात ओढून घेत. मग हळूहळू शब्दाची सुरुवात कळली की पुढचा शब्द त्या स्वतःच पुरा करू लागल्या. रोजच्या गोष्टींना खुणा ठरल्या. खांद्यावर दोनदा थोपटले की ‘मी आलो’, मनगटाला धरले की ‘उठू या’. खोलीतून बाहेर जाताना ‘जातो’ ही खूण न देता जायचे नाही असा नियमच आहे, कारण रिकाम्या खोलीशी बोलत राहण्यासारखी नामुष्की नाही, असे बाई म्हणतात. त्यांचा नातू क्रिकेटचा धावफलक लिहितो. आकडे लिहायला सोपे.

मी एकदा गेलो तेव्हा बाईंचा प्रश्न चालू होता, ‘अहो, काल रात्री खाली कसली गडबड होती? जमीन हादरत होती.’ गुरुजी बराच वेळ त्यांच्या हातावर लिहीत होते. खालच्या मजल्यावर सामान हलवले, त्यात कपाट जिन्यात अडकले, मग कोण कोणावर ओरडले, असा सगळा वृत्तांत. संपल्यावर मला म्हणाले, ‘औषधाची वेळ तिला कोणीही सांगेल. कोण कोणाशी भांडलं, हे मी नाही सांगितलं तर कोण सांगणार?’

आता ज्या पानासाठी हे पुस्तक शुश्रूषा करणाऱ्यांनी अवश्य वाचावे, त्याकडे येतो. वाचनाच्या आवडीवरील प्रकरणात हेलन एका उन्हाळ्यातील दुपार सांगते. झाडांखाली झुला बांधलेला. सलिव्हनबाई ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही मुलांची कादंबरी वाचत आहेत आणि शब्द न् शब्द तिच्या तळहातावर उमटवत आहेत. गोष्ट रंगात आली आहे. आणि बाईंची बोटे थकतात. आणखी एक अक्षरही उमटवणे शक्य होत नाही. त्या क्षणी आपल्याला आपल्या उणिवेची पहिल्यांदा तीव्र जाणीव झाली, असे हेलन लिहिते. तिने ते पुस्तक हातात घेतले आणि कागदावरून बोटे फिरवत अक्षरे चाचपण्याचा प्रयत्न केला. कागद गुळगुळीतच होता.

एवढ्याशा प्रसंगात दोन माणसांची व्यथा आहे. एकीचे जग दुसरीच्या बोटांवर टांगलेले; आणि त्या दुसरीची बोटे दुखत आहेत. पुस्तकात पहिली व्यथा सांगितली आहे, दुसरी ओळींमध्ये दडली आहे. २२ वर्षांच्या लेखिकेला ती पूर्ण दिसली नसावी. तरुणपणी आपल्यासाठी कोण किती झिजते हे कोणाला दिसते? महाविद्यालयात सलिव्हनबाई व्याख्यानाला शेजारी बसून सारे हातावर उतरवत. हेलनचे हात ऐकण्यात गुंतलेले, म्हणून तिला टिपणे घेता येत नसत. घरी आल्यावर आठवेल ते ती लिहून काढी. अभ्यासाची बहुतेक पुस्तके उठावाच्या लिपीत नव्हती, ती बाईंनाच वाचून हातावर सांगावी लागत. ज्या डोळ्यांना मुळात विश्रांतीची गरज होती त्या डोळ्यांनी तासन्‌तास वाचन केले. १९०४ साली हेलनला गौरवासह बी. ए. पदवी मिळाली, ही पदवी मिळवणारी ती पहिली अंध-बधिर व्यक्ती. सलिव्हनबाईंना पदवी मिळण्याचा प्रश्न नव्हता. उतारवयात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. १९३६ च्या ऑक्टोबरात त्या वारल्या.

हे ऋण हेलनने विसरले नाही, हेही सांगायला हवे. पुढे बाईंचे चरित्र तिने लिहायला घेतले. १९४६ साली ती परदेशी असताना घराला आग लागून हस्तलिखित जळाले. तिने ते नव्याने लिहिले आणि ‘टीचर’ या नावाने १९५५ साली प्रसिद्ध केले. तेव्हा तिला पंचाहत्तरावे वर्ष लागले होते. २२ व्या वर्षीच्या आत्मकथनानंतर हे पुस्तक वाचले की दोन्हीमधील अंतर ध्यानात येते. पहिल्यात बाई म्हणजे उजेड आणणारी देवता. दुसऱ्यात थकणारी, रागावणारी, निराश होणारी माणूस.

शुश्रूषेचे ओझे एकाच हातावर किती काळ ठेवायचे, हा या कथेतील सर्वांत कठीण प्रश्न आहे असे मला वाटते. पॉली थॉमसन ही दुसरी सहकारी १९१४ साली आली, म्हणजे पहिल्या भेटीनंतर २७ वर्षांनी. आपल्या घरांत एवढा उशीर करण्याचे कारण नाही. तळहातावर लिहिणे शिकायला सुनेला एक आठवडा लागतो, जावयाला आणि नातवंडांनाही तेवढाच. बहुतेक कुटुंबांत मात्र एकच व्यक्ती, आणि ती बहुधा घरातील स्त्री, ‘आईंना फक्त हिचंच कळतं’ या कौतुकाच्या वाक्याखाली दबून गेलेली असते. हे कौतुक ऐकले की मला त्या झुल्याजवळची थकलेली बोटे आठवतात. घरात आणखी एकाला लिहिणे शिकवले, तर ज्येष्ठांनाही दुसरे जग मिळते. मुलीच्या गप्पा वेगळ्या, नातवाच्या वेगळ्या.

स्पर्शाविषयी या पुस्तकात आणखी एक परिच्छेद आहे, तो परिचारिका आणि मदतनीस यांना मुद्दाम वाचून दाखवावा. हेलनला माणसे हातांवरून कळत. काही हात इतके थंड असत की ईशान्येकडच्या वादळाशी हस्तांदोलन केल्यासारखे तिला वाटे. काही हातांत ऊब असे. कपडे बदलताना, तोंड पुसताना, कूस बदलून देताना आपण एक शब्दही बोलत नाही, पण हात बोलत असतो आणि ज्याला दुसरे काही ऐकू येत नाही त्याला ते सर्व कळते. एकदम मागून धरू नये; आधी खांद्याला किंवा दंडाला हलका स्पर्श करून क्षणभर थांबावे. शक्य तर प्रत्येकाने स्वतःची ओळख ठरवून घ्यावी, कोणाची अंगठी, कोणाची बांगडी. वासही ओळख देतो. १९०८ सालच्या ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ या पुस्तकात हेलनने गंधाविषयी जे लिहिले आहे ते वाचले की आपण नाकाचा किती थोडा उपयोग करतो हे कळते. आजींना देवघरातील उदबत्तीवरून सकाळ आणि फोडणीवरून जेवणवेळ कळत असेल, तर त्या वेळा चुकवू नयेत.

एक खुलासा करून ठेवतो. या पुस्तकाविषयी बोलताना ‘व्याधीवर मात’ असे म्हणण्याची रीत आहे. हेलन केलर यांना शेवटपर्यंत दिसले नाही आणि ऐकू आले नाही. १८९० साली त्या बोलायला शिकल्या खऱ्या, पण आपला आवाज इतरांना नीट कळत नाही याची खंत त्यांना जन्मभर राहिली. आत्मकथनाच्या अखेरीकडे त्या कबूल करतात की कधी कधी एकटेपण थंड धुक्यासारखे वेढून येते. बंद दाराच्या पलीकडे प्रकाश आहे, संगीत आहे, माणसे आहेत, आणि आपण अलीकडे बसलो आहोत. ज्या घरात आजी खिन्न बसलेल्या असतात, तेथे ‘हेलन केलर बघा, किती आनंदी’ असे उदाहरण देऊ नये. तिलाही खिन्नता चुकली नव्हती. अशा दिवशी काही न लिहिता नुसता हात हातात धरून बसणेही चालते. खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत.

आपल्या देशाशीही या नावाचा संबंध आहे. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, हेलन केलर आशियाच्या दीर्घ दौऱ्यात भारतात आल्या होत्या, पंडित नेहरूंना भेटल्या होत्या. मुंबईत १९७७ साली कर्णबधिर आणि अंध-बधिर मुलांसाठी त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंध-बधिरत्वाचा बहुविकलांगतेत स्पष्ट उल्लेख आहे. उतारवयात दोन्ही इंद्रिये गमावलेल्यांनाही प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ‘आता या वयात कशाला’ म्हणून पुष्कळ कुटुंबे तो करीतच नाहीत.

पुस्तक घेणाऱ्यांसाठी एवढेच. अनेक आवृत्त्यांत केवळ पहिला भाग, म्हणजे आत्मकथन, छापलेला असतो. मूळ पुस्तकाचे भाग तीन. दुसऱ्यात हेलनची पत्रे आणि तिसऱ्यात सलिव्हनबाईंची पत्रे व हकीकत. शुश्रूषा करणाऱ्यांनी तिसरा भाग असलेली प्रत मिळवावी आणि तेथूनच वाचायला आरंभ करावा. आत्मकथनाची प्रकरणे लहान आहेत. दुपारच्या चहानंतर एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायला सोपे जाते. ऐकणाऱ्यांचे कान साथ देत नसतील तर त्यातील एखादा प्रसंग, वडिलांचा चष्मा चढवून वर्तमानपत्र धरणाऱ्या मुलीचा, हातावर लिहून सांगावा. लांब वाटेल. आज अर्धा, उरलेला उद्या, आणि उद्याचा दुसऱ्या कोणीतरी लिहावा.